‘डेढ इश्किया’ : छायेतील प्रेम आणि ध्वनीची मर्यादा

१

कलाकृतीत एखादी गोष्ट उघड न सांगता सुचविली जाते, तेव्हा त्या सूचनेमागे दोन भिन्न कारणे संभवतात. अर्थ असा असतो की तो वाच्य होताच त्याचे सौंदर्य नाहीसे होईल. किंवा अर्थ असा असतो की तो वाच्य होताच लेखकावर वा कलावंतावर संकट कोसळेल. पहिल्या प्रकाराला भारतीय साहित्यशास्त्राने ध्वनी हे नाव दिले. दुसऱ्या प्रकाराला व्यवहारात सावधगिरी म्हणतात. या दोहोंचे बाह्य रूप पुष्कळदा इतके सारखे असते की, समीक्षकाने सावधगिरीलाच ध्वनी समजून तिचा गौरव करावा, किंवा ध्वनीलाच भित्रेपणा समजून त्याचा अधिक्षेप करावा, असा प्रमाद सहज घडतो. स्त्रियांमधील परस्परप्रेम हा विषय घेणाऱ्या भारतीय कलाकृतींच्या बाबतीत तर हा प्रमाद वारंवार घडलेला आहे. अभिषेक चौबे यांनी दिग्दर्शित केलेला आणि १० जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झालेला ‘डेढ इश्किया’ हा हिंदी-उर्दू चित्रपट या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

चित्रपटाचे कथानक वरवर पाहता ठकसेनांच्या विनोदी कथेचे आहे. महमूदाबादच्या दिवंगत नवाबाची विधवा बेगम पारा (माधुरी दीक्षित) मुशायरा भरविते. त्यात जो शायर तिचे मन जिंकील, तो तिचा पती आणि नवा नवाब होणार, असे जाहीर झालेले असते. इफ्तेखार ऊर्फ खालूजान (नसिरुद्दीन शाह) हा वयस्क चोर नवाबाचे सोंग घेऊन या स्वयंवरात उतरतो. त्याचा साथीदार बब्बन (अर्शद वारसी) त्याच्या मागोमाग येतो आणि बेगमची सखी-सेविका मुनिया (हुमा कुरेशी) हिच्यावर लुब्ध होतो. जान मोहम्मद (विजय राज) हा स्थानिक राजकारणातला दांडगा इसम नवाबपदाच्या हव्यासाने नूर मोहम्मद इटालवी (मनोज पाहवा) या खऱ्या कवीला डांबून ठेवतो व त्याच्या गझला आपल्या म्हणून वाचतो. पुढे उलगडते ते असे की, हवेली कर्जात बुडालेली आहे, स्वयंवर हा एक बनाव आहे, बेगमचे अपहरण बेगमने आणि मुनियानेच योजलेले आहे, आणि खंडणीच्या पैशांवर त्या दोघींना एकत्र नवे आयुष्य सुरू करावयाचे आहे. शेवटी पुरुष एकमेकांवर बंदुका रोखून राहतात आणि त्या दोघी निघून जातात.

या दोघींचे नाते काय, हे चित्रपटात एकही पात्र शब्दांत सांगत नाही. ते कळते एका रात्रीच्या प्रसंगात. बांधून ठेवलेले खालूजान आणि बब्बन थंडीने कुडकुडत असतात. समोरच्या भिंतीवर त्या दोघींच्या छाया हसतखेळत एकमेकींच्या मिठीत जाताना दिसतात. आणि खालूजान बब्बनला एक लिहाफ मागून घ्यावयास सुचवितो. थंडीत कुडकुडणाऱ्याने रजई मागावी, एवढाच या उद्गाराचा वाच्यार्थ. उर्दू साहित्याशी परिचय असलेल्या प्रेक्षकाला मात्र त्या एका शब्दाने पाऊणशे वर्षांचा एक वाङ्मयीन इतिहास ऐकू येतो.

२

इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. नवाबाला तरुण मुलांच्या सहवासाची आवड. उपेक्षित पत्नी बेगम जान दासी रब्बोच्या हातच्या मालिशीवर जगणारी. आणि हे सारे पाहणारी, त्या घरी काही दिवसांसाठी ठेवलेली एक लहान मुलगी, अशी तिची रचना आहे. रात्री रजई हलते, भिंतीवर तिची छाया हत्तीसारखी झुलते, मुलगी घाबरते. शेवटी ती दिवा लावते. पण तिने काय पाहिले ते कथा सांगत नाही. या कथेवर अश्लीलतेचा खटला लाहोर येथे चालला. चुगताई आणि त्यांचे पती शाहिद लतीफ तेव्हा मुंबईत राहत होते. खटल्यासाठी त्यांना मुंबईहून लाहोरला जावे लागले. सआदत हसन मंटो यांच्यावरही त्याच सुमारास ‘बू’ या कथेबद्दल खटला होता. चुगताई निर्दोष सुटल्या. ‘कागजी है पैरहन’ या आत्मकथनात त्यांनी या प्रकरणाचे जे वर्णन केले आहे, त्यावरून दिसते की, कथेतील नेमका कोणता शब्द अश्लील, हे साक्षीदारांना दाखविता आले नाही. अभिधा निर्दोष होती. आरोप व्यंजनेवर होता. आणि व्यंजनेवर आरोप सिद्ध करण्याचे साधन न्यायालयापाशी नव्हते.

‘डेढ इश्किया’ने या कथेतून केवळ एक शब्द उचलला, असे म्हणणे अपुरे ठरेल. नवाबाची पुरुषासक्ती, पत्नीची उपेक्षा, मालकीण आणि सेविका यांची जवळीक, आणि भिंतीवरील छाया, हे चारही घटक तेथून आलेले आहेत. तथापि पाहणारा बदललेला आहे, आणि या बदलाने सर्व अर्थ बदलतो. ‘लिहाफ’मध्ये पाहणारे मूल आहे, त्याला दिसते पण उमगत नाही. न उमगणे हे तेथील भयाचे उगमस्थान असल्यामुळे छाया हत्तीएवढी होते. शिवाय ती मुलगी केवळ साक्षीदार नाही. रब्बो गावी गेलेली असताना बेगम जानचे हात तिच्याकडेही वळतात. त्यामुळे या कथेला स्त्रीप्रेमाची प्रशस्ती म्हणून वाचणाऱ्यांना तिचा हा भाग नेहमी अडचणीचा वाटत आलेला आहे. चित्रपटात पाहणारे दोन प्रौढ पुरुष आहेत, आणि दोघेही त्या स्त्रियांचे अभिलाषी आहेत. भय नाहीसे होते. त्याच्या जागी येते ती प्रतारित प्रियकराची ओशाळलेली समज. छाया हत्तीची न राहता दोन माणसांची होते. चुगताईंच्या कथेतील गूढ येथे उजळते, परंतु त्याबरोबर तिची अस्वस्थ करणारी धारही बोथट होते.

३

चित्रपटाचे मोल ‘लिहाफ’च्या आवृत्तीत नाही, ‘लिहाफ’ला दिलेल्या उत्तरात आहे. स्त्रियांमधील प्रेमाच्या भारतीय चित्रणांत एक कार्यकारणभाव जणू गृहीत धरलेला असतो : पतीने उपेक्षिले, म्हणून स्त्री स्त्रीकडे वळली. ‘लिहाफ’मध्ये तो आहे. दीपा मेहता यांच्या ‘फायर’मध्येही (१९९६, भारतात प्रदर्शन १९९८) तो आहे, तेथे एक पती ब्रह्मचर्याच्या प्रयोगात गढलेला, तर दुसरा अन्य स्त्रीत गुंतलेला. या मांडणीत स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम ही पर्यायी व्यवस्था ठरते. पुरुष योग्य असता तर ते उद्भवलेच नसते, असा निष्कर्ष त्यातून सहज निघतो, आणि प्रतिकूल वाचक तो काढतातही.

‘डेढ इश्किया’ आरंभी हाच कार्यकारणभाव मांडतो, पण तेथे थांबत नाही. नवाब मरण पावलेला आहे. बेगमपुढे पर्यायांचा तुटवडा नाही. उलट सारे कथानकच पर्यायांच्या गर्दीचे आहे. धनवान जान मोहम्मद आहे, प्रतिभावंत इटालवी आहे, आणि खालूजान तर तिच्या तरुणपणच्या नृत्याची आठवण उराशी बाळगून असलेला, अदबशीर, खरोखर प्रेमात पडलेला मनुष्य आहे. नसिरुद्दीन शाह यांच्या अभिनयामुळे प्रेक्षकाचाही पक्षपात त्याच्याकडेच झुकतो. असा पुरुष समोर असताना बेगम त्याला नाकारते. मुनियाच्या बाजूनेही हेच घडते : बब्बनशी तिचा देहसंबंध येतो, तो त्याला प्रेम समजतो, ती समजत नाही. म्हणजे पुरुषाचा अभाव हे कारण एकीकडे, आणि पुरुषाच्या देहाचे अपरिचित असणे हे कारण दुसरीकडे, अशी दोन्ही स्पष्टीकरणे चित्रपट क्रमाने उभी करतो आणि क्रमाने खोडून काढतो. उरते ती निवड. उपेक्षा हा या प्रेमाचा प्रसंग असेल, त्याचे कारण नव्हे. हा भेद इतक्या नेमकेपणाने दाखविणारी कृती हिंदी चित्रपटसृष्टीत त्यापूर्वी क्वचितच आढळते.

मराठीतील एका उदाहरणाशी तुलना येथे उद्बोधक होईल. विजय तेंडुलकर यांच्या, १९८१ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकात सुमित्रा देवचे नमावरील प्रेम उघड शब्दांत येते. तेंडुलकर लिहाफ पांघरत नाहीत. तथापि ती गोष्ट सांगतो बापू, मित्रावर जीव असलेला एक पुरुष. आणि गोष्टीचा शेवट मित्राच्या आत्मनाशात होतो. म्हणजे दोन्ही कृतींत स्त्रीप्रेमाचा साक्षी पुरुषच आहे. फरक शेवटात आहे. खालूजान बब्बनला प्रेमाच्या सात पायऱ्या सांगतो. दिलकशीपासून सुरू होणारी ही चढण जुनून ओलांडून मौतीपाशी संपते. पुरुषाची ही प्रेममीमांसा मृत्यूत सार्थक शोधते. बेगम आणि मुनिया मात्र त्या शिडीवर चढतच नाहीत. त्या दुसऱ्या गावी घर करतात आणि विवाहानंतर सुटलेले नृत्य बेगम मुलींना शिकवू लागते. शोकान्तिकेला दिलेला हा नकार साधा आहे, आणि म्हणूनच लक्षणीय आहे.

४

आता मूळ प्रश्न. येथील सूचन हा ध्वनी की सावधगिरी? आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त केलेले दोन भेद या ठिकाणी उपयोगी पडतात, मराठी अभ्यासकाला ते ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’ (१९५८) या ग्रंथामुळे परिचित आहेत. पहिला भेद ध्वनी आणि गुणीभूतव्यंग्य यांतील : व्यंग्यार्थ प्रधान असेल तर ध्वनी, तो वाच्यार्थाचा केवळ पोषक असेल तर गुणीभूतव्यंग्य. प्रथम पाहताना ‘डेढ इश्किया’त स्त्रीप्रेम गौण वाटते, फसवणुकीच्या कथानकातील ते एक गुपित आणि त्याचा उलगडा ही एक कलाटणी. पण चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला असता प्राधान्य उलटते. मुशायऱ्यातील प्रत्येक गझल आता बंद दारावर आपटताना दिसते. बेगमची उदासी विधवेची न राहता योजना पार पाडणाऱ्या स्त्रीची होते. मुनियाची बब्बनशी चाललेली थट्टा हिशेबी ठरते. व्यंग्य कळल्यावर सर्व वाच्याला नवा अर्थ येत असेल, तर ते व्यंग्य गौण नव्हे. जे केवळ झाकलेले असते ते उघडे पडल्यावर बाकीच्या गोष्टी होत्या तशाच राहतात. येथे त्या तशा राहत नाहीत. या कसोटीने चित्रपटाचे सूचन भित्रेपणाच्या आरोपातून मुक्त होते.

दुसरा भेद अधिक कठोर आहे. व्यंग्य वस्तुरूप, अलंकाररूप किंवा रसरूप असते, आणि त्यांत रसध्वनी श्रेष्ठ. ‘डेढ इश्किया’त सुचते ती वस्तू : या दोघी परस्परांच्या प्रेयसी आहेत, ही गोष्ट. त्यांच्यातील रती मात्र आस्वाद्य होत नाही, कारण तिला लागणारे अनुभाव आणि संचारी भाव पडद्यावर जवळजवळ येतच नाहीत. त्या एकमेकींविषयी शंकित कधी होतात, रुसतात कधी, मुनिया बब्बनजवळ जाते तेव्हा बेगमच्या मनात काय चालते, यांपैकी फारसे काही प्रेक्षकाला लाभत नाही. शृंगाराची सारी सामग्री, म्हणजे नजर, आठवण, झुरणे, शायरी, पुरुषांच्या वाट्याला गेली आहे. मुशायऱ्यात काव्य पुरुष वाचतात. बेगम ऐकते आणि निवडते. स्त्रियांना छाया मिळते, भाषा मिळत नाही.

येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. शास्त्रकारांच्या मते रती उभयनिष्ठ असेल तरच शृंगार; एकाच बाजूची रती हा रसाभास. या न्यायाने खालूजान, बब्बन आणि जान मोहम्मद यांचे सर्व वाङ्मयीन वैभवाने नटलेले प्रेम शृंगाराभास ठरते, आणि ज्या प्रेमाला एकही शेर लाभला नाही तेच एकमेव उभयनिष्ठ प्रेम उरते. प्राचीनांनी स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम अनौचित्याच्या सदरात घातले असते हे खरे. परंतु औचित्याची कल्पना लोकव्यवहारावर अवलंबून असल्यामुळे ती व्यवहाराबरोबर बदलते. उभयनिष्ठतेची कसोटी प्रेमाच्या स्वरूपातूनच निघालेली असल्यामुळे ती टिकते. शास्त्राचा अधिक टिकाऊ भाग या दोघींच्या बाजूने आहे.

भाषेची ही उणीव परंपरेच्या दारिद्र्यामुळे आली, असेही म्हणता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकात, विशेषतः लखनौमध्ये, ‘रेख्ती’ नावाचा काव्यप्रकार फुलला. सआदत यार खान ‘रंगीन’, इन्शा अल्ला खान ‘इन्शा’, जान साहिब या कवींनी त्यात स्त्रियांच्या घरगुती बोलीत, स्त्रीच्या मुखाने रचना केल्या. ‘दुगाना’ हा स्त्रीच्या जिवलग स्त्रीसाठी असलेला शब्द त्यांत येतो. या प्रकाराची पूर्वचिन्हे दख्खनमध्ये, सतराव्या शतकातील विजापूरच्या हाशमीच्या काव्यात दाखविली जातात. पुढे सुधारणेच्या काळात रेख्ती अशिष्ट ठरून संग्रहांतून वगळली गेली; रूथ वनिता यांच्या २०१२ सालच्या ग्रंथाने तिचा नव्याने विचार झाला. रेख्तीचे कर्ते पुरुष होते, म्हणजे तेथील स्त्रीस्वरही उसनाच, हे विसरता कामा नये. तरीही अवधच्या हवेलीत मुशायरा भरविणाऱ्या चित्रपटाने गझलेचे सर्व ऐश्वर्य उभे करावे आणि जिच्यात स्त्री स्त्रीशी बोलते ती रेख्ती मात्र उंबऱ्याबाहेर ठेवावी, ही गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. दिवाणखान्याची भाषा चित्रपटाला येते. जनानखान्याची येत नाही.

५

उरतो तो मुसलमान परिसराचा प्रश्न. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘मेरे महबूब’ (१९६३), ‘पाकीजा’ (१९७२) यांसारख्या मुंबईत निर्माण झालेल्या चित्रपटांनी नवाबी अवधचे एक स्वप्नचित्र रूढ केले : तहजीब, पडदा, गझल आणि ऱ्हास. ‘डेढ इश्किया’ या चित्राची थट्टा करतो. बंदुका रोखलेली माणसे ‘पहले आप’चा शिष्टाचार पाळू लागतात, तेव्हा सारी परंपरा हास्यास्पद आणि तरीही लोभसवाणी होते. या स्वप्नचित्राचा एक दोष मात्र चित्रपटाने जसाच्या तसा स्वीकारला आहे. नवाबाची पुरुषासक्ती येथे उधळपट्टीची आणि अधःपाताची खूण म्हणूनच येते. पत्नीच्या स्त्रीप्रेमाला दिलेली सहानुभूती पतीला मिळत नाही. एकाच घरातील दोन समान वृत्तींपैकी एकीला स्वातंत्र्य आणि दुसरीला विकृती मानणे, ही विचारातील विसंगती आहे.

याहून गंभीर प्रश्न प्रेक्षकासंबंधी आहे. डिसेंबर १९९८ मध्ये ‘फायर’ दाखविणाऱ्या मुंबई व दिल्ली येथील चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले केले. त्या चित्रपटातील स्त्रिया हिंदू होत्या आणि त्यांची नावे राधा व सीता होती. ही नावे मुसलमान असती तर आक्षेप उरला नसता, अशा अर्थाची विधानेही तेव्हा झाली. पंधरा वर्षांनी ‘डेढ इश्किया’तील नावे मुसलमान होती, आणि ‘फायर’सारखा क्षोभ झाला नाही. याचा अर्थ समाज उदार झाला असा घ्यावयाचा, की ही गोष्ट शेजारच्या घरातली म्हणून डोळेझाक झाली असा? छायेचे सौम्य रूप, विनोदाचे आवरण, नामवंत नटवर्ग ही कारणेही विचारात घेतली पाहिजेत. तथापि परक्याच्या घरातील प्रेमाविषयीची उदासीनता म्हणजे सहिष्णुता नव्हे, हे ध्यानात ठेवावेच लागते. त्या घरातील स्त्रियांना अशा उदासीनतेचा लाभ होत नाही.

कालाचा योगायोगही बोलका आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ संबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरविला; त्यानंतर तीस दिवसांनी हा चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपट आधीच तयार असल्याने त्याच्या मौनाचे कारण या निर्णयात शोधणे चूक होईल. प्रेक्षकाच्या मनातील त्या मौनाचा अर्थ मात्र या निर्णयाने गडद केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून मुक्त केले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्यास नकार दिला. ‘डेढ इश्किया’तील शेवटचे घर नेमके या दोन निर्णयांच्या मध्ये उभे आहे : तेथे राहण्यास बंदी नाही, पण त्या घरातील नात्याला कायद्यात नाव नाही.

लाहोरच्या न्यायालयात चुगताईंच्या कथेला व्यंजनेने वाचविले. ‘डेढ इश्किया’ला वाचविण्याची तशी गरज नव्हती, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही अधिक करणे न्याय्य आहे. त्याने स्त्रीप्रेमाला कारणाच्या कचाट्यातून सोडवून निवडीचा मान दिला आणि त्याला मृत्यूऐवजी घर दिले, हे त्याचे यश निर्विवाद आहे. परंतु ते प्रेम त्याने कळविले. अनुभवास दिले नाही. वस्तुध्वनीपासून रसध्वनीपर्यंतचे अंतर तोडावयाचे असेल, तर यापुढील चित्रपटाला भिंतीवरील छायेकडून वळून, ज्यांच्या त्या छाया आहेत त्यांचे बोलणे ऐकावे लागेल.